साठ किलोचं नाजूक पोतं

अकोला,
९ जानेवारी २०२५

चि. माया हिस,
शेषराव आबाजीचे अनेक आशीर्वाद अन् सप्रेम जय भीम.

आधी तब्येती. तुझ्या बाबाचा, म्हणजे आमच्या उत्तमचा, खोकला गेला काय? पुतण्या माझा असला तरी औषधाच्या बाबतीत तो लहानपणापासून चोर आहे. बाटली उघडते, वास घेते अन् झाकण लावून ठेवते. कौशल्याची शुगर कशी आहे? का अजून चहात गूळ टाकून 'गुळानं काही होत नाही' म्हणून राहिली? तुझ्या स्कुटीची तब्येतही कळव, मागल्या खेपेस किक मारली की म्हाताऱ्यासारखी खाकरत होती. अन् तू? इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष म्हणून जेवण सोडलं नाही ना?

इथं मी ठणठणीत. तुझी आजी इंदू बरी आहे. पडली होती तेव्हाचं खुब्याचं हाड जुळलं. डॉक्टर म्हणते, हाड पक्कं झालं, आता पायात ताकद यायला पाहिजे. पाय काही ऐकत नाहीत. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसते अन् तिथूनच सगळी गल्ली चालवते. कोणाच्या दारात पाण्याचा नळ सुरू राहिला हे घरवाल्याच्या आधी हिले समजते.

फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. फोन केला की ही बाजूलेच बसून असते. मी 'हॅलो' म्हटलं की हिचं 'कोन हाय? काय म्हनते?' सुरू. आयुष्यभर साउंड सर्व्हिस चालवली, लोकांचे आवाज गावभर पोचवले, पण स्वतःच्या घरात दोन वाक्यं गुपचूप बोलता येत नाहीत.

विषय असा. आपले शेजारी बद्रुद्दीनभाई आहेत ना, त्यांची नात अलीझा, दुसरीत आहे. ती काल मले विचारते, 'दादाजी, खरोखरचा सुपरहिरो बनवता येतो का?' मी म्हटलं, बाई, मी तं अर्धा बनलोच आहे. डोळ्यात भिंग बसवलं, कानात मशीन आहे, तोंडात कवळी आहे. रात्री एकेक काढून ठेवतो तेव्हा माझा नुसता साचा शिल्लक राहते. ती पोट्टी हसली नाही. म्हणे, 'पण तुम्ही उचलू तर काहीच शकत नाही.'

हे मले लागलं. म्हणून तुले विचारतो. तू त्या कमरेले बांधायच्या मशीनवर काम करून राहिली म्हणे. पंचाहत्तरीतल्या माणसाले ते लावून साठ किलोचं पोतं उचलता येईल काय? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उडायची मले हौस नाही. अकोल्याच्या उन्हात उडलो तं डांबरावर थेंब थेंब गळीन.

उत्तर लवकर टाक.

तुझा,
शेषराव आबाजी


अमरावती,
२० जानेवारी २०२५

प्रिय आबाजी,
जय भीम.

बाबांचा खोकला कमी आहे. आईनं झाकण उघडून चमचा भरून समोर उभं राहायला सुरुवात केली आहे. आईची शुगर अजून गुळाचंच ऐकते, वाढलेलीच आहे. स्कुटी विकली. मी जेवते.

तुमचं पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. कवळीपर्यंत सगळे हसले, पण पुढचा प्रश्न आमचाच निघाला, आम्ही गेले सहा महिने तोच घेऊन बसलोय.

खरं सांगते, आबाजी. सुपरहिरो बनवता येतो, पण तो दर थोड्या वेळानं चार्जिंगला लावावा लागतो. ताकद मोटरमध्ये भरपूर आहे. अडचण बॅटरीची. मोठी बॅटरी घेतली तर ती वाहून न्यायलाच दुसरा सुपरहिरो लागतो. दुसरं म्हणजे, मोटर बाहेरून जोर देते, आतली हाडं आपल्या वयाचीच राहतात. सूट शंभर किलो उचलेल, पण मणक्यानं 'नाही' म्हटलं तर सूट काही करू शकत नाही.

आमचा सूट म्हणजे काय, तर कमरेला रुंद पट्टा, मांड्यांना दोन पट्टे, गुडघ्यांच्या बाजूला मोटर, पाठीवर बॅटरी. मनगटावर बटण. वरूडला संत्र्याच्या बगीच्यात माणसं दिवसभर संत्र्यांनी भरलेले कॅरेट उचलतात, संध्याकाळी सरळ उभं राहता येत नाही. त्यांच्यासाठी बनवतोय. पुढल्या आठवड्यात तिथं चाचणी आहे. चालला तर प्रोजेक्ट पास. नाही चालला तर सर म्हणाले, 'विषय बदल, वर्ष वाचव.'

पण एक सांगा. तुमची साउंड सर्व्हिस बंद होऊन किती वर्षं झाली! ही रोज सकाळ-संध्याकाळ उचलायची पोती आली कुठून?

आजीला नमस्कार. तिला सांगा, गल्लीचा कारभार नीट चालव.

तुमची,
माया


अकोला,
२९ जानेवारी २०२५

चि. माया,
अनेक आशीर्वाद.

पोतं बद्रुद्दीनभाईचं आहे. सोयाबीनचं. शेजारी म्हटल्यावर हात लावावाच लागते. तू त्या पोत्याच्या मागे लागू नको, मशीनकडे लक्ष दे.

तुझ्या सुटाले मी पहिला माणूस मिळालो असं समज. माझं माप कळवतो. छाती बेताची, कमर आहे, पोटाबद्दल बोलू नये. उंचीचं म्हणशील तं लग्नाच्या फोटोत मी विटेवर उभा आहे. फोटोवाल्यानंच ठेवली होती, त्याले वाटलं नवरी-नवरदेव बरोबरीचे दिसावे. तुझ्या आजीनं त्या विटेचा विषय आजवर सोडला नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. एक, मशीननं झटका देऊ नये. हळू उचलावं, हळू ठेवावं. पोतं नाजूक आहे. दुसरी, आवाज कमी ठेव. घरात इंजिन सुरू झालं असं वाटू नये.

आमचं पोरगं, तुझा नागसेनकाका, भीमजयंतीले पुण्याहून येणार आहे. दरवर्षी येते तसाच. विशेष काही नाही.

मधे मी जरा वाकडा झालो होतो. कुशीवर झोपलो होतो म्हणून. आता बराच सरळ आहे.

वरूडचं काय झालं ते लगेच लिही. संत्री आणली तं त्यातली चार उत्तमले सालीसकट दे, खोकल्याले बरी.

तुझा,
आबाजी


अमरावती,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आबाजी,

वरूडला आमची फजिती झाली.

मोतीरामकाका म्हणून तिथले जुने तोडणीवाले आहेत. त्यांनी सूट चढवला आणि सगळा बगीचा काम सोडून बघायला आला. एक बाई म्हणाली, 'नवरदेव दिसते.' दुसरी म्हणाली, 'नवरदेव कायचा, बैल जुंपला.' काका ऐटीत कॅरेटपाशी गेले, वाकायला लागले, आणि सूटनं त्यांना सरळ उभं केलं. पुन्हा वाकले, पुन्हा सरळ. गुडघा जरा वाकला की सूटला वाटतं माणूस पडतोय, आणि तो वर ढकलतो. प्रयोगशाळेत आम्ही टेबलावरचं ओझं उचलून बघितलं होतं. जमिनीवरचं कोणी उचललंच नव्हतं! आमच्या गटातल्या पाच जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की कॅरेट जमिनीवर असतात.

काका म्हणाले, 'पोरी, हे तं शायेतल्या ड्रिलच्या मास्तरावानी हाय. खाली पाहूच देत नाही.' सगळे हसले. मी पण हसले, आणि परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले.

सर म्हणाले, विषय बदला. बाकीच्या चौघांनी बदलला. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

तुम्ही म्हणाल तर तो सूट तुमच्याकडे आणून ठेवते. जयंतीच्या मिरवणुकीत घाला, अलीझाला दाखवा. पोतं मात्र उचलू नका, तो वाकूच देणार नाही. आणि आबाजी, सोयाबीन कधीपासून नाजूक झालं?

तुमची,
माया


अकोला,
२२ फेब्रुवारी २०२५

माया बाई,
जय भीम.

इंदूआजी लिहून राहिली. पेन्सिलीनं लिहिलं, वाईट वाटून घेऊ नको. बाईले लिहायची सवय सुटली. तुझे आबाजी भाजी घ्याले गेले तेवढ्यात उरकतो.

सगळ्यांची खबर घेण्याले वेळ नाही, सगळे बरे असान असं समजतो.

तुझी पत्रं मी वाचली, अन् तुझ्या आबाजीच्या पत्रायचे कच्चे कागदही. सगळं ते वरच्या फळीवर, जुन्या अम्प्लीफायरच्या मागं लपवून ठेवते. त्यायले वाटते, ही खुर्चीतून उठू शकत नाही, मंग पत्रं सुरक्षित. अन् आमची अनवरी काहून हाय मंग? बद्रुद्दीनभाईची बायको माझी आजची मैत्रीण हाय काय! तिनं स्टुलावर चढून काढून देली, वाचून झाल्यावर धूळ पुसून तशीच ठेवली. धूळ पुसली हीच चूक झाली, पण त्यायच्या ध्यानात आलं नाही.

आता आईक. बद्रुद्दीनभाईकडं सोयाबीन-बियाबीन काही नाही. तुझ्या आबाजीनं लिहिलेलं साठ किलोचं पोतं म्हणजे मी.

नाजूक म्हनते मले! पन्नास वर्षांत तोंडावर एकदा म्हटलं नाही, अन् पोत्याच्या नावानं म्हटलं.

सकायी ते मले खाटेवरून उठवून खुर्चीत बसवते, संध्याकायी परत. मागल्या महिन्यात उचलता उचलता त्यायची पाठ धरली. मी खाटेवर पडली, ते माझ्यावर पडले. मले काही लागलं नाही. हसू आलं, मंग त्यायचं तोंड पाह्यलं अन् हसू गेलं. तवापासून ते कमरेले पट्टा बांधून फिरते अन् वरून मोठा शर्ट घालते. मले दिसत नाही असं वाटते.

नागसेननं सांगून ठेवलं हाय. 'जयंतीले येतो. आई तोवर आपली आपण उभी राह्यली तं ठीक, नाई तं मे महिन्यात दोघायले पुण्याले घेऊन जातो.' पोरगं वाईट नाही. त्याले काळजी हाय. पण तिथं खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीची भिंत दिसते. मी भिंतीचा कारभार करू काय?

अन् आता माझ्या रागाचं. तुम्ही दोघं आजोबा-नात मले कसं उचलावं यावर महिनाभर कागद काळे करून राहिले. मले कोणी इचारलं? मले उचलून घ्याचं नाही. मले उठाचं हाय.

तू लिहिलं, तुझं मशीन वाकू देत नाही, वर ढकलते. वरूडवाल्यायले ते नको असंन. बाई, मले तेच पाहिजे! खाली बसाचं मले चांगलं जमते.

माप अनवरीनं घेतलं, संग पाठोलं हाय. मी तुझ्या आबाजीपेक्षा उंच हाय हे ध्यानात ठेव. त्यायले काही सांगू नको. उत्तर अनवरीच्या घरी टाक, अन् लवकर टाक. आमचे भाजीवाले आले, थांबतो.

इंदूआजी


अमरावती,
४ मार्च २०२५

प्रिय आजी,
(अनवरीदादींच्या मार्फत)

तुझं पत्र वाचून आधी मी रडले, मग प्रयोगशाळेत पळत गेले.

सूट बदलायला घेतला आहे. बॅटरी लहान केली, कारण तुला दिवसभर ओझी उचलायची नाहीत. दिवसातून काही वेळा उठायचं आहे. झटका काढला, आता हळू उठवतो. आवाज अजून थोडा येतो. एक अडचण तुलाच सोडवावी लागेल. हे पट्टे साडीवर बसत नाहीत.

आजी, खोटी आशा नको. सूट अर्धाच जोर देईल. उरलेला अर्धा तुझ्या पायांचा. तुझ्यावर उपचार करणाऱ्या वर्षालीताईंशी मी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, वॉकर समोर हवा आणि कोणीतरी जवळ हवं, एकटीनं बटण दाबायचं नाही. मी एप्रिलच्या सुरुवातीला येते, त्याही येतील. पहिल्या दिवशी उभी राहशीलच असं नाही. जयंतीपर्यंतही नाही राहिलीस तर नागसेनकाकांना मी समजावेन.

सरांना नवा विषय दिला. 'ओझं उचलणारा सूट' खोडून 'खुर्चीतून उठवणारा सूट' लिहिलं. सर म्हणाले, 'घालणार कोण?' मी म्हटलं, 'माझी आजी.' म्हणाले, 'परीक्षेच्या दिवशी फोटो घेऊन ये.'

तेव्हा आजी, नापास झालो तर दोघी होऊ.

तुझी,
माया


अकोला,
१८ मार्च २०२५

चि. माया,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. बद्रुद्दीनभाईच्या घरात मात्र तुझ्या अक्षरातलं पाकीट दिसलं. मनात म्हटलं, अस्सं! भाईनंही सुटासाठी नंबर लावला! भाई चांगला माणूस आहे, पण पहिला नंबर माझा आहे हे विसरू नको. त्याच्याकडं उचलायले काहीच नाही.

आता खरं लिहितो. माझ्याकडंही सोयाबीन नाही. ते पोतं तुझी आजी आहे.

तिले हे कळू देऊ नको. तिले वाटते मी तिले फुलासारखी उचलतो. मी तोंडानं गाणं गुणगुणतो उचलताना, दात आवळल्याचं समजू नये म्हणून. आता पाठ साथ देत नाही. नागसेनले कळलं तं तो उद्याच टॅक्सी घेऊन येईल. मी पुण्यात राहीन बाप्पा, मी कुठंही राहतो. पण ही खिडकीतून नुसतं 'काहो शांताबाई' म्हणते अन् तिच्या तोंडावर उजेड येते. तो उजेड मले पुण्यात कुठं सापडंल?

म्हणून मले थोड्या दिवसांसाठी सुपरहिरो कर. अलीझाले सांगू नको, तिले मी पाठीवर केप लावून दाखवायचं कबूल करून बसलो आहे.

अजून एक. अनवरीवहिनी हिच्यासाठी पंजाबी ड्रेस शिवून राहिल्या. जन्मभर लुगडं अन् साडी नेसलेली बाई! विचारलं तं दोघी हसतात अन् मले चहा करायले पाठवतात. म्हातारपणी बायकायचं काही सांगता येत नाही.

पत्राची वाट पाहतो.

तुझा,
आबाजी


अकोला,
१६ एप्रिल २०२५

चि. माया हिस,
अनेक आशीर्वाद अन् सप्रेम जय भीम.

उत्तमचा खोकला, कौशल्याची शुगर, सगळं बरं असो. इथल्या तब्येती पुढं सांगतो, कारण यावेळी तब्येत हाच मजकूर आहे.

तू अन् वर्षालीताई येऊन गेल्या त्या दिवशी सूट मले न घालता हिले घातला, तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं ते तू पाहिलंच. मी तं बाह्या वर करून तयार उभा होतो. त्या दिवशी ती अर्धी उठली अन् बसली. तू परीक्षेच्या तयारीसाठी परत गेली. तुले वाटलं असंल, राहिलं. पण त्यानंतर रोज सकाळी अनवरीवहिनी समोर, मी बाजूले, वर्षालीताई फोनवर, असं आमचं सुरू होतं. रोज उठायची, पण अर्ध्यावर गेली की घाबरून बसायची. मी म्हणायचो, 'राहू दे आज.' ती म्हणायची, 'तुम्ही चूप बसा, पोतं बोलून राह्यलं.' म्हणजे माझी सगळी पत्रं हिनं वाचली, हे मले तेव्हा समजलं.

चौदा तारखेले नागसेन आला. हातात पॅकिंगचे खोके, घडी घातलेले. ते त्यानं दाराआड ठेवले. आम्ही सगळ्यांनीच ते न पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळी मिरवणूक गल्लीत आली. पुढं बाया लेझीम खेळत होत्या. ही पांढरा पंजाबी ड्रेस घालून, सूट बांधून खुर्चीत. खिडकीतून बाया ओरडल्या, 'इंदूबाई, या वर्षी तरी बाहेर या व!' तू तं तेव्हा लहान होती, पण या गल्लीची लेझीम आधी हिच्या मागं चालत होती.

हिनं नागसेनकडं पाहिलं, दाराआडच्या खोक्यांकडं पाहिलं, अन् वॉकर ओढला.

मी समोर उभा राहिलो, लहान लेकरू चालायले लागते तसे हात पुढं करून. हिनं बटण दाबलं. मोटर घूं झाली. तू आवाज कमी केला म्हणाली होती, तो एवढा कमी झाला नाही, पण त्या डीजेत ऐकते कोण. ती उठू लागली. अर्ध्यावर आली, जिथं रोज थांबते तिथं थांबली. नागसेन पुढं धावला. हिनं त्याले नुसती मान हलवून थांबवलं.

अन् मंग माया, तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं. मले वाटलं, झालं, उभी राहिली. पण ते तिथं थांबलंच नाही. अजून वर गेलं. दीड वर्ष ती बसून, मी उभा. मी विसरूनच गेलो होतो बाप्पा, की माझी बायको माझ्यापेक्षा उंच आहे. मी तिच्या कानापर्यंत येतो.

ती माझ्या डोक्याकडं पाहून म्हणते, 'काहो, तुमचे केस वरून इतके कवा गेले?'

दीड वर्षात तिनं वरून मले पाहिलंच नव्हतं ना!

मी हसलो का रडलो ते अनवरीवहिनीले विचार, मी चष्मा पुसत होतो. नागसेन भिंतीले टेकून उभा. दारापर्यंत ती वॉकरनं आली, पायरी उतरली नाही. दारातूनच लेझीमवाल्यांना ओरडली, 'ठेका चुकून राह्यला!' बायांनी ठेका सुधारला. लोकांनी सुटाकडं फारसं पाहिलं नाही, ते सगळे पंजाबी ड्रेसकडंच पाहत होते. मंग बॅटरी टीं टीं करू लागली अन् ती राणीसारखी बसली.

अलीझानं निकाल देला, की हा खरा सुपरहिरो नाही, कारण ही उडली नाही. पण सगळ्यात जास्त टाळ्या तिनंच वाजवल्या.

रोज उठणं अजून सोपं नाही. काल दोनदा उठली, आज सकाळी एकदाच, अन् पाय दुखते म्हणाली. पण मी तिले उचललं नाही. नागसेन आज गेला. जाताना आईच्या पाया पडला, अन् ते खोके घेऊन गेला, रिकामे. म्हणे, 'मे महिन्यात सुट्टी घेऊन मीच इथं येतो.' मी म्हटलं, ये, आंबे असतीन.

फोटो संग पाठवतो, तुझ्या सरांसाठी. हिनं मले बाजूले उभं केलं अन् फोटो काढताना नागसेनले सांगितलं, 'वीट घ्याची नाही.' जसं आहे तसं दिसू दे म्हणे.

परीक्षा झाली की काय झालं ते ताबडतोब लिही. अन् पत्रात मोकळेपणानं लिही, लपवायचं काही ठेवू नको. अम्प्लीफायरच्या मागं आता काही लपत नाही. आज दुपारी मी बाहेरून आलो तं अनवरीवहिनीचा एक हात धरून ही सूट लावून उभी होती, अन् दुसऱ्या हातानं वरची फळी पुसत होती.

तुझा,
शेषराव आबाजी